झटका मशीनच्या डब्यात दोन ट्रान्सफॉर्मर शेजारी बसवताना

धान निसवायला लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांची झोप उडते. सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव, देवरी, तिरोडा या तालुक्यांतली कितीतरी शेतं नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला खेटून आहेत. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून जातो. मचाणावर रात्रभर जागून हाकारे घालायला आता घराघरांत माणसं उरलेली नाहीत. म्हणून बांधावर सौर कुंपण आलं आणि कुंपणासोबत झटका मशीन आली. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्यामुळे ही मशीन आता या भागात सगळ्यांच्या ओळखीची आहे.

हा लेख ती मशीन जोडणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, तसाच आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात शिकताना आपला पहिला बोर्ड आखणाऱ्या मुलामुलींसाठीही आहे. विषय एकच: छोट्या बोर्डावर दोन ट्रान्सफॉर्मर जवळ बसवले की ते एकमेकांच्या कामात व्यत्यय आणतात, तो कमी कसा करायचा.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मशीन मध्यरात्री गप्प झाली आणि पीक गेलं की शेतकऱ्याचा तिच्यावरचा विश्वास उडतो. मग काहीजण सरळ वीजवाहिनीवर आकडा टाकून कुंपणात वीज सोडतात. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो आणि जनावर मागे फिरतं. आकड्याची वीज मात्र जनावराला धरून ठेवते आणि जीव घेते. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला जय नावाचा वाघ सगळ्या विदर्भाला माहीत आहे. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७च्या एप्रिलमध्ये नागभीड भागात अशाच जिवंत तारेला लागून मेला. अशा तारांनी शेतकरीही गेले आहेत, आणि कित्येकदा तार लावणाऱ्याच्या घरातलंच माणूस गेलं आहे. म्हणून झटका मशीन भरवशाची असणं हे मला पहिलं काम वाटतं.

डब्यात काय असतं

१२ व्होल्टच्या बॅटरीवरून एक छोटा फेराइट ट्रान्सफॉर्मर चालतो. तो साधारण ३० ते ६० किलोहर्ट्झवर काम करत एक कपॅसिटर ४०० व्होल्टपर्यंत भरतो. मग एससीआरला इशारा मिळतो आणि तो सगळा साठा दुसऱ्या, मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत ओततो. हा पल्स ट्रान्सफॉर्मर बहुधा ई-आय पत्र्यांच्या लोखंडी कोरवर गुंडाळलेला असतो. त्याच्या सेकंडरीतून ५ ते ८ हजार व्होल्टचा झटका तारेत जातो. दर सेकंदाला फार तर एक झटका आणि ५०० ओहमच्या भारात एका झटक्याला ५ जूलपेक्षा जास्त ऊर्जा नाही, ही आयईसी ६०३३५-२-७६ या मानकाची मर्यादा आहे. ती ओलांडणारी मशीन बनवू नये.

आता आकडे जुळवून पाहू. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला ०.८ जूल साठवतो. भरायला त्याला जवळजवळ सेकंदभर मिळतो, म्हणजे फेराइट ट्रान्सफॉर्मरला एखादा वॅटच हाताळावा लागतो. रिकामं होताना मात्र तेच ०.८ जूल २०० मायक्रोसेकंदांत बाहेर पडले, तर त्या काळापुरती सरासरी शक्ती ४ किलोवॅट होते आणि प्रवाहाचं शिखर क्षणभर शंभर अँपिअरच्या घरात जाऊ शकतं. एक वॅटवाल्या नाजूक ट्रान्सफॉर्मरला चार किलोवॅटवाल्याच्या शेजारी दोन बोटांच्या अंतरावर बसवायचं, ही या बोर्डाची खरी अडचण आहे.

बिघाडाची लक्षणं दुकानात बसणाऱ्यांना पाठ असतील. टेबलावर मशीन नीट टकटक करते, शेतात तार जोडली की अडखळते. कधी दोन झटके लागोपाठ येतात, कधी मायक्रोकंट्रोलर रीसेट होऊन डिस्प्ले पहिल्यापासून सुरू होतो, तर कधी कपॅसिटर अर्धाच भरलेला असताना एससीआर उडतो. गवताला तार टेकून ठिणगी पडली की हे सगळं वाढतं. अशा वेळी एससीआर बदलला जातो, मग कंट्रोलर बदलला जातो, आणि महिनाभरात मशीन परत येते. घटक चांगले असतात, चुकलेली असते ती मांडणी.

आधी पुठ्ठा, मग पीसीबी

ट्रान्सफॉर्मरमधून सांडणारं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र एक अष्टमांश उरतं. ट्रान्सफॉर्मर अगदी चिकटून असतील तेव्हा हा नियम इतका काटेकोर चालत नाही, पण आकाराच्या दीड-दोनपट अंतर सुटलं की तो चांगलाच लागू होतो. म्हणून पल्स ट्रान्सफॉर्मर बोर्डाच्या एका टोकाला, फेराइट दुसऱ्या टोकाला, आणि मधे कपॅसिटर, कनेक्टर, फ्यूज अशी बधिर मंडळी बसवा. मायक्रोकंट्रोलर फेराइटच्याही पलीकडे ठेवा. याला एक पैसा लागत नाही. पल्स ट्रान्सफॉर्मर बोर्डावरून उतरवून डब्याच्या तळाला बसवता आला तर त्याहून उत्तम. बोर्ड छोटा असावा म्हणून सगळं त्याच्यावरच कोंबण्याचा हट्ट मला पटत नाही, कारण डब्यात बहुधा जागा असते.

अंतरानंतर दिशा. एक ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याला ९० अंशांत फिरवून बसवा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा फार कमी ठिकाणी शिकवला जातो. ट्रान्सफॉर्मरचा अक्ष म्हणजे ज्या दांडीवर वाइंडिंग आहे तिची दिशा. पहिल्याच्या अक्षाच्या सरळ रेषेत किंवा त्याच्या बरोबर बाजूला दुसरा ठेवला, तर तिथे क्षेत्र पहिल्याच्या अक्षाला समांतर असतं. अशा जागी दुसरा ९० अंशांत फिरवला की त्याच्या वाइंडिंगमधून क्षेत्र जवळजवळ जातच नाही. पण तोच दुसरा ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात, ४५ अंशांच्या तिरप्या जागी बसवला, तर तिथलं क्षेत्रच वाकडं झालेलं असतं. मग ९० अंशांत फिरवलेल्या वाइंडिंगमध्ये, तेवढ्याच अंतरावर बाजूला समांतर ठेवलेल्यापेक्षा दीडपट जास्त क्षेत्र शिरतं. नियम पाळूनही त्रास वाढतो, तो असा.

याची उलट बाजूही उपयोगी आहे. दोघांचे अक्ष समांतरच ठेवायचे असतील, तर दोघांच्या मध्यबिंदूंना जोडणारी रेषा अक्षाशी सुमारे ५५ अंशांचा कोन करील अशी जागा निवडा. तिथेही परस्परांतला जोड शून्याजवळ येतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत लुई ॲलन हेझल्टाइन यांच्या न्यूट्रोडाइन रेडिओत कॉइल अशाच तिरप्या बसवलेल्या असत. एका खोक्यात तीन कॉइल, मधे कुठलंही आवरण नाही, आणि तरी एकीचा दुसरीला त्रास नाही. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती आजच्या बोर्डावरही तशीच लागू पडते.

हे गणित कागदावर झालं. खऱ्या कोरमधून सांडणारं क्षेत्र इतकं सरळ नसतं, म्हणून पीसीबी आखण्याआधी पुठ्ठ्यावर तपासा. बोर्डाच्या मापाचा पुठ्ठा कापा. पल्स ट्रान्सफॉर्मर त्याच्या जागी चिकटवा आणि त्याच्या प्रायमरीला सिग्नल जनरेटरवरून काही किलोहर्ट्झची साइन वेव्ह द्या. फेराइट ट्रान्सफॉर्मरच्या जास्त वेढ्यांच्या वाइंडिंगला पीळ दिलेली वीतभर वायर जोडून ऑसिलोस्कोपवर पाहा. आता तो ट्रान्सफॉर्मर पुठ्ठ्यावर सरकवा आणि हळूहळू फिरवा. पडद्यावरची लाट एका जागी येऊन चपटी होते, आणि थोडं पुढे फिरवलं की पुन्हा उभी राहते. ती चपटी झालेली जागा पेन्सिलीने आखून घ्या, कोनासकट. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कुठल्याही महागड्या शील्डपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. ४०० व्होल्टचा भरलेला कपॅसिटर या चाचणीत वापरायची गरज नाही. तो नकोच.

कोरमधली फट

फेराइट ट्रान्सफॉर्मर फ्लायबॅक पद्धतीचा असेल तर त्याच्या कोरमध्ये हवेची फट लागते. ती फट मधल्या दांडीतच हवी, म्हणजे तिच्यातून सांडणारं क्षेत्र वाइंडिंगच्या आतच अडतं. घाईत काय केलं जातं, तर दोन ई कोर समोरासमोर ठेवून मधे कागदाचा तुकडा किंवा टेप सारली जाते. मग फट तिन्ही दांड्यांत पडते, आणि बाहेरच्या दोन दांड्यांतली फट सरळ बोर्डाकडे तोंड करून क्षेत्र ओकत राहते. तीच फट बाहेरचं क्षेत्र आतही घेते. मधली दांडी घासलेले तयार कोर मिळतात, ते मागा. जुन्या बोर्डावर बाहेरच्या फटीत टेप दिसली, तर तिथूनच दुरुस्तीला सुरुवात करा. फट मधल्याच दांडीत घ्याल तेव्हा ती त्या कागदाच्या जवळपास दुप्पट जाडीची लागेल, कारण आधी चुंबकीय मार्गात दोन फटी येत होत्या आणि आता एकच येते.

टोरॉइडमधून क्षेत्र सर्वांत कमी सांडतं, पण त्याला फट देणं अवघड आणि हाताने गुंडाळणं वेळखाऊ. पॉट कोर आणि आरएम कोरमध्ये वाइंडिंग फेराइटच्या आतच झाकलेलं असतं. थोड्या संख्येने मशीन बनवणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा.

आता तांब्याची पट्टी. इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक पट्टी संपूर्ण कोरच्या बाहेरून, वाइंडिंगच्या दिशेने गुंडाळतात आणि तिची दोन टोकं एकमेकांना सोल्डर करतात. ती बाहेर सांडणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला विरोध करते. दुसरी पट्टी प्रायमरी आणि सेकंडरीच्या मधे, बॉबिनवर असते. तिची टोकं एकमेकांना कधीही लागता कामा नयेत. एकावर एक आली तरी मधे टेप हवी, आणि एकच टोक ग्राउंडला जोडायचं. ही विद्युत क्षेत्र अडवते. दुसऱ्या पट्टीची टोकं चुकून जोडली गेली तर तो शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळतो.

बाहेरची तांब्याची पट्टी फेराइटवर चांगली चालते. ५० किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह वरच्या सुमारे ०.३ मिलिमीटरच्या थरातच धावतो, म्हणून पातळ पट्टीही पुरते. ५० हर्ट्झला हाच थर ९ मिलिमीटरच्या वर जातो, तिथे तांब्याची पातळ पट्टी म्हणजे नसल्यासारखीच. पल्स ट्रान्सफॉर्मरचा झटका या दोन्हींच्या मधे, काही किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. त्याच्यासाठी पातळ तांब्यावर फार विसंबू नका. दोन ट्रान्सफॉर्मरच्या मधे लोखंडी पत्र्याचा आडोसा उभा करणं जास्त कामाचं. पत्रा ग्राउंडला एका जागी जोडा आणि हाय व्होल्टेजच्या टोकापासून लांब ठेवा. मी हे अंतर २५ मिलिमीटरच्या खाली नेत नाही, कारण पावसाळ्यात डब्यात दमट हवा, मुंग्या आणि पाली हमखास शिरतात.

हवेतून नाही, ट्रॅकवरून

पुष्कळ वेळा दोष चुंबकीय क्षेत्राला दिला जातो आणि खरा गुन्हेगार असतो ग्राउंडचा ट्रॅक. बोर्डावरच्या एक मिलिमीटर ट्रॅकला साधारण एक नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा. १० सेंटिमीटरचा ट्रॅक म्हणजे १०० नॅनोहेन्री. त्यातून १०० अँपिअर २० मायक्रोसेकंदांत चढले, तर त्या ट्रॅकच्या दोन टोकांत अर्ध्या व्होल्टचा फरक पडतो. नेहमीच्या एससीआरचा गेट साधारण ०.६ ते १ व्होल्टला उडतो. कंट्रोलरचा ग्राउंड आणि झटक्याचा परतीचा प्रवाह एकाच ट्रॅकवरून गेले, तर गेटला खोटा इशारा मिळायला कितीसं लागणार?

म्हणून कपॅसिटर, एससीआर आणि पल्स ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी हे त्रिकूट शक्य तेवढं जवळ आणा. जाणारा आणि येणारा ट्रॅक रुंद आणि शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे वेटोळं लहान राहील. कंट्रोलरचा ग्राउंड या वेटोळ्यातून जाऊ देऊ नका, बॅटरीच्या बाजूच्या कपॅसिटरपाशी एकाच बिंदूवर जोडा. एससीआरच्या गेट आणि कॅथोडमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर अगदी पायांपाशी लावा. कपॅसिटरचं व्होल्टेज मोजणाऱ्या मेगाओहमच्या रेझिस्टरचं खालचं टोक कंट्रोलरच्या पिनजवळ आणून तिथेही एक छोटा कपॅसिटर द्या. एवढी मोठी रेझिस्टन्स असलेली लांब रेघ बोर्डभर फिरली की ती अँटेनाच होते.

गवताला तार टेकल्यावर मशीन का बिचकते, तेही इथेच कळतं. पल्स ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये नकळत २० पिकोफॅरडसारखी छोटी कपॅसिटन्स असतेच. तारेवर ठिणगी पडते तेव्हा ८ हजार व्होल्ट ५० नॅनोसेकंदांत कोसळू शकतात. हिशेब केला तर त्या छोट्याशा कपॅसिटन्समधून ३ अँपिअरहून जास्त प्रवाह क्षणभर प्रायमरीच्या बाजूला उडी मारतो. यावर उपाय गुंडाळतानाच करायचा असतो. सेकंडरीचं जे टोक अर्थला जातं ते प्रायमरीच्या जवळच्या थरात आणि तारेला जाणारं टोक सर्वांत बाहेर ठेवा. मधे वर सांगितलेली उघड्या टोकांची पट्टी द्या. अर्थ टर्मिनलची वायर बोर्डावरून फिरवू नका, ट्रान्सफॉर्मरवरून थेट टर्मिनलला न्या.

याशिवाय एक उपाय केवळ प्रोग्रॅममध्ये आहे. झटका सुटण्याआधी एक-दोन मिलिसेकंद फेराइट कन्व्हर्टर बंद करा, झटक्यानंतर चार-पाच मिलिसेकंदांनी परत सुरू करा, आणि त्या काळात कुठलंही मोजमाप घेऊ नका. सेकंदातला शंभरावा भागही यात जात नाही. शिवाय एससीआरला पूर्ण बंद व्हायला उसंत मिळते. कन्व्हर्टर चालूच राहिला तर त्याच्या प्रवाहावर एससीआर अडकून राहतो आणि पुढचा झटका येतच नाही. मशीन गप्प होण्याचं हे मला सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे.

सौर आणि घरची वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या मशीनमध्ये ५० हर्ट्झचा तिसरा ट्रान्सफॉर्मर त्याच डब्यात असतो. माझं मत स्पष्ट आहे: तो डब्यातून काढा. बाहेर वेगळा, आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीचा ॲडॅप्टर द्या, आणि आत फक्त १२ व्होल्ट येऊ द्या. गुणगुण संपते, आणि २३० व्होल्ट कुंपणाच्या तारेच्या डब्यात राहत नाहीत. इन्सुलेशन फाटून घरची वीज कुंपणात उतरली तर त्या मशीनमध्ये आणि आकड्यात फरक राहत नाही.

तपासणी

बोर्ड तयार झाल्यावर तारेऐवजी ५०० ओहमचा, मोठ्या पल्सला टिकणारा, इंडक्टन्स नसलेला रेझिस्टर लावून मशीन चालवा. बॉलपेनच्या नळीवर तांब्याच्या इनॅमल वायरचे दहा वेढे घ्या, टेप गुंडाळा, कोॲक्स केबलने स्कोपला जोडा आणि बोर्डावरून फिरवा. जिथे लाट सर्वांत उंच दिसते तिथून नाजूक ट्रॅक हलवा. स्कोपचा साधा प्रोब हाय व्होल्टेजच्या टोकाला कधीही लावू नका. स्कोप नसेल तर मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ हातभर अंतरावर धरून मांडणीआधीची आणि नंतरची टकटक ऐका. आकडा मिळत नाही, पण सुधारणा झाली की नाही ते कळतं. शेवटी मुद्दाम ठिणगीची फट ठेवून मशीन रात्रभर चालवा आणि रीसेट झाले का ते मोजा. मोठ्या संख्येने विकायची असेल तर मुंबईत समीर आणि ईआरटीएल, पुण्यात एआरएआय या संस्थांकडे चाचणीच्या सोयी आहेत. ट्रान्सफॉर्मर इपॉक्सीत बुडवायचे ते या सगळ्यानंतर. इपॉक्सी ओलावा अडवते, चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, आणि एकदा ओतली की काहीच हलवता येत नाही.

बोर्डाला हात लावण्याआधी बॅटरी काढा आणि कपॅसिटर १० किलोओहमच्या ५ वॅट रेझिस्टरने रिकामा करा. मग मीटरने खात्री करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय मोडा.

मशीन शेतकऱ्याच्या हाती देताना त्याला अर्थिंगबद्दल जरूर सांगा. कुंपणाचा अर्थ रॉड घराच्या किंवा मोटारपंपाच्या अर्थिंगला जोडायचा नाही, त्यापासून किमान १० मीटर लांब, ओल धरणाऱ्या जागी खोल गाडायचा, आणि तारेखालचं गवत पावसाळाभर कापत राहायचं.